आठ डॉलरची गोष्ट

आपल्या मंडळाच्या घटनेत एक कलम आहे: मंडळाच्या व्यासपीठावरून राजकीय प्रचार करायचा नाही. ज्यांनी हे कलम घातलं त्यांच्या दूरदृष्टीला माझा नमस्कार, कारण त्यामुळेच इतकी वर्षं दोन्ही पक्षांचे मतदार एकाच रांगेत उभे राहून मसालेभात वाढून घेतात. तेव्हा संपादक मंडळींनी सुरुवातीलाच निश्चिंत व्हावं. मत कुणाला द्यावं हे मी सांगणार नाही. मला बोलायचंय ते मत बनतं कसं याबद्दल, आणि त्यातही ते बनवण्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल.

प्रश्न साधा आहे. एखादा पुढारी आकडे, कायदे, अंदाजपत्रक यांतलं काहीही न सांगता आपल्याला एका माणसाची गोष्ट सांगतो. आपले डोळे पाणावतात आणि आपलं मत फिरतं. हे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का? आपल्याकडच्या इंजिनियर आणि डॉक्टर मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं, "हा सगळा भावनेला हात घालण्याचा प्रकार. मुद्द्याचं काय ते बोला!" मीही जन्मभर इंजिनियरच होतो, तरी हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

इथल्या अध्यक्षांचं दरवर्षीचं स्टेट ऑफ द युनियन भाषण आपण सगळेच कधी ना कधी ऐकतो. त्यात वर गॅलरीत काही खास पाहुणे बसवलेले असतात आणि अध्यक्ष मधूनच त्यांच्याकडे हात करून त्यांची कहाणी सांगतात. या प्रथेची सुरुवात रोनाल्ड रेगन यांनी १९८२ साली केली. त्या वर्षी १३ जानेवारीला एअर फ्लोरिडाचं विमान वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीत कोसळलं. लेनी स्कटनिक नावाच्या एका साध्या सरकारी कर्मचाऱ्याने बर्फाळ पाण्यात उडी घेऊन एका बुडणाऱ्या बाईला वाचवलं. दोनच आठवड्यांनी रेगननी त्याला गॅलरीत बसवून त्याचं कौतुक केलं आणि सभागृह उठून उभं राहिलं. गंमत म्हणजे हा स्कटनिक नोकरीला होता काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयात! त्या कार्यालयाने त्या वर्षी काढलेला एकही आकडा आज कुणाला आठवत नसेल. स्कटनिक आठवतो.

मनुष्यस्वभावच तसा आहे. २००७मध्ये स्मॉल, लोवेनस्टीन आणि स्लोविक या तीन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना आफ्रिकेतल्या लक्षावधी भुकेल्या माणसांची आकडेवारी देऊन मदत मागितली, तर काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या एकाच सात वर्षांच्या मुलीची हकिकत सांगितली. रोकियाला जास्त पैसे मिळाले, यात नवल नाही. नवल पुढे आहे. रोकियाच्या हकिकतीला आकडेवारी जोडल्यावर देणगी वाढायच्या ऐवजी कमी झाली. मन असं घडलेलं असताना "राजकारणात गोष्टी नकोत" म्हणणं म्हणजे "स्वयंपाकात मीठ नको" म्हणण्यासारखं आहे. मीठ लागणारच. प्रश्न उरतो तो किती, कधी आणि कुणी घालायचं याचा.

याचं उत्तर शोधताना मला आमच्या गावच्या देवळातलं कीर्तन आठवतं. रामनवमीच्या नवरात्रात नऊ दिवस बुवा येत. आम्ही मुलं पूर्वरंगात हमखास झोपायचो. बुवा एक अभंग घेत, त्यातला सिद्धांत मांडत, शंका काढत, शंकेचं निरसन करत. मग पूर्वरंग संपला की बुवांना हार घालून बुक्का लावायचे, नामाचा गजर व्हायचा आणि त्या आवाजाने आम्ही जागे व्हायचो, ते थेट उत्तररंगातल्या आख्यानाला. कधी हरिश्चंद्र, कधी सुदामा. आख्यान संपताना बुवा फिरून पहिल्या अभंगावर येत. घरी परतताना माझे आजोबा कंदील हातात धरून जे परीक्षण करत ते मला अजून आठवतं. कधी कधी ते म्हणत, "आख्यान रंगलं हो, पण अभंगाला लागलं नाही."

'अभंगाला लागलं नाही' हे तीन शब्द मला राजकीय भाषण ऐकताना फार उपयोगी पडतात. बुवांनी काय पटवून द्यायचंय ते आधी उघडपणे सांगितलेलं असायचं. गोष्ट त्यानंतर यायची. त्यामुळे डोळे पुसता पुसतासुद्धा श्रोत्याला ताडून पाहता यायचं की गोष्ट आणि सिद्धांत यांचा सांधा बसतोय की नाही.

कीर्तनकारांची ही शिस्त आपल्याकडे तर्कशास्त्रातही आहे. दुसऱ्याला एखादी गोष्ट पटवायची तर न्यायदर्शनाने पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच धुराचा आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. यात स्वयंपाकघर म्हणजे आपली गोष्ट, दृष्टांत. आपल्या पूर्वजांनी तिला हाकलून दिलेलं नाही, तिला तिसऱ्या पायरीवर मानाने बसवलंय. मात्र अट घातली आहे की दृष्टांत असा हवा, जो साध्या माणसाला आणि चिकित्सकाला सारखाच मान्य होईल. आणि त्याच्यानंतर 'हेही तसंच आहे' हे वेगळं सिद्ध करायचं ओझं वक्त्याच्या डोक्यावर ठेवलंय. ही चौथी पायरी, उपनय, फार महत्त्वाची. बहुतेक फसवणूक तिथेच होते असं माझं मत आहे.

राजकारण आणि गोष्ट यांचं नातं आपल्याला काही नवीन नाही. पंचतंत्र हा मुळात राजपुत्रांना राजनीती शिकवणारा ग्रंथ. मुलांच्या पुस्तकांच्या कपाटात तो नंतर गेला. त्याच्या तिसऱ्या तंत्रात, काकोलूकीयात, कावळे आणि घुबडं यांचं वैर आहे. कावळ्यांचा म्हातारा मंत्री स्थिरजीवी स्वतःला रक्तबंबाळ करून घेतो आणि घुबडांच्या हाती सापडतो. त्याची कहाणी अशी: मी माझ्या राजाला तुमच्याशी तह करायचा सल्ला दिला म्हणून त्याने माझी ही दशा केली. घुबडांचा राजा मंत्र्यांना विचारतो, याचं काय करावं? एकेक मंत्री एकेक गोष्ट सांगून म्हणतो, शरण आलेल्याला अभय द्यावं. एकटा रक्ताक्ष म्हणतो, याला मारा. त्याचं कुणी ऐकत नाही. मग स्थिरजीवी घरटं बांधायच्या मिषाने घुबडांच्या गुहेच्या तोंडाशी रोज एकेक काटकी रचतो आणि एका दुपारी, घुबडांना दिसत नसताना, कावळे जळती लाकडं आणून टाकतात.

या कथेत मला सर्वांत आवडतो तो रक्ताक्ष. तो शहाणा आहे म्हणून तो गोष्टी सांगत नाही असं मुळीच नाही, तोही गोष्टच सांगतो. फरक एवढाच की बाकीचे मंत्री जखमा बघत होते आणि तो जखमी कोण आहे हे बघत होता. शत्रूचा मुख्य मंत्री आपल्या दारात येऊन रडतोय, यात त्याचा लाभ काय? हा प्रश्न निर्दय वाटतो. दयाळू माणसाला तो विचारायला संकोच होतो आणि गोष्ट रचणारा त्या संकोचावरच विसंबून असतो.

याचं आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं उदाहरण म्हणजे नयिराची साक्ष. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केलं. १० ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये काँग्रेशनल ह्यूमन राइट्स कॉकससमोर पंधरा वर्षांची एक कुवेती मुलगी बोलली. तिच्या नातलगांना धोका नको म्हणून तिचं फक्त पहिलं नाव सांगण्यात आलं. आपण इस्पितळात स्वयंसेविका असताना इराकी सैनिकांनी इन्क्युबेटरमधली बाळं बाहेर काढून गार फरशीवर मरायला टाकली, असं तिने रडत रडत सांगितलं. पुढच्या काही आठवड्यांत अध्यक्ष बुश (थोरले) यांनी ही गोष्ट अनेकदा सांगितली, सिनेटरांनी आपल्या भाषणांत तिचा आधार घेतला. १२ जानेवारी १९९१ रोजी सिनेटने युद्धाला मंजुरी दिली ती ५२ विरुद्ध ४७ मतांनी.

एका वर्षाने, जानेवारी १९९२मध्ये, जॉन मॅकआर्थर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की ही मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची कन्या होती. साक्षीची तयारी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीने करून घेतली होती, आणि त्या कंपनीला काम देणाऱ्या संस्थेचा जवळजवळ सगळा पैसा कुवेत सरकारचा होता. कॉकस ही काँग्रेसची औपचारिक समिती नव्हती, त्यामुळे शपथेचाही प्रश्न आला नाही. युद्धानंतर शोध घेणाऱ्यांना बाळांच्या त्या कथेला आधार सापडला नाही. आधी ती खरी मानणाऱ्या अॅम्नेस्टी इंटरनॅशनलनेही आपलं म्हणणं मागे घेतलं.

इराकी सैन्याने कुवेतमध्ये अत्याचार केले नाहीत असं कुणी म्हणणार नाही. आपल्यापैकी कित्येकांचे भाऊ, मेहुणे, मित्र तेव्हा तिथे होते. एअर इंडियाने अम्मानहून एक लाख सत्तर हजारांच्या वर भारतीयांना परत आणलं; त्यांच्यापैकी कुणाकडे विचारलं असतं तर लुटालुटीच्या, उपासमारीच्या खऱ्या हकिकती मिळाल्या असत्या. कदाचित खरी कारणं मांडूनही सिनेटचं मत तेच पडलं असतं. पण मग खोट्या गोष्टीची गरज का पडली? मला वाटतं, कारणं मांडली की चर्चा होते, हो-नाही होतं. मरणाऱ्या बाळाशी वाद कोण घालणार? आडनाव विचारण्याची आपल्या मराठी माणसांना खोड आहे, आणि ती बहुधा नको तिथे, नको त्या हेतूने वापरली जाते. त्या दिवशी त्या सभागृहात कुणीतरी "बाळ, तुझं आडनाव काय?" एवढं विचारायला हवं होतं.

खोट्या गोष्टीबद्दल फार डोकेफोड करायला नको. ती पकडली गेली की संपली. खरी अडचण खऱ्या गोष्टींची असते. १९७६च्या प्रचारात रेगन शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगत. तिची ऐंशी नावं, तीस पत्ते, सरकारी मदतीवर दीड लाख डॉलरची करमुक्त कमाई! ही बाई काल्पनिक नव्हती. तिचं नाव लिंडा टेलर. तिच्यावर खटला चालून १९७७मध्ये शिक्षाही झाली. खटल्यातला आरोप सुमारे आठ हजार डॉलरचा होता, पण तेही सोडून देऊ. पुढे तिच्यावर जे लिहिलं गेलं त्यावरून ती याहून कितीतरी भयंकर गुन्हे करणारी असावी असं दिसतं. म्हणजे दृष्टांत खरा, बाई लबाड, संताप रास्त. पण उपनय? इतकी नावं बदलून राहणारी गुन्हेगार बाई ही मदत घेणाऱ्या आयांचा नमुना कशी होईल? स्वयंपाकघरात धूर होता हे मान्य, पण डोंगरावर तो आहे हे कुणी दाखवलंच नाही. तरीही पुढची कित्येक वर्षं मुलाचं दूध घ्यायला सरकारी कूपन काढणाऱ्या बाईकडे दुकानात रांगेतले लोक ज्या नजरेने बघत, ती नजर या गोष्टीने घडवली होती. आजोबांच्या भाषेत, आख्यान रंगलं, अभंगाला लागलं नाही.

आता दुसरी बाजू. गुलामगिरीविरुद्ध आकडे, प्रवचनं, ठराव अमेरिकेत कितीतरी वर्षं चालू होते. १८५२ साली हॅरिएट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी आली आणि पहिल्याच वर्षात देशात तिच्या तीन लाख प्रती खपल्या. आईच्या कुशीतून विकलं जाणारं मूल लोकांना पहिल्यांदा स्वतःचं वाटलं. दक्षिणेतून ओरड झाली की हे सगळं रचलेलं आहे. तेव्हा या बाईंनी काय करावं? १८५३मध्ये त्यांनी आणखी एक पुस्तक काढलं, मूळ कादंबरीची 'किल्ली' म्हणून. त्यात आपल्या गोष्टीतल्या प्रसंगांना आधार म्हणून कायद्यांची कलमं, कोर्टाचे निकाल, पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याच्या वर्तमानपत्री जाहिराती असं सगळं छापून टाकलं. कादंबरीत पात्रं काल्पनिक होती, तरी उपनय तपासायची सोय त्यांनी वाचकाच्या हाती दिली. मला नैतिकतेची खूण इथे दिसते. गोष्ट सांगणारा हिशेबाची वही उघडी ठेवायला तयार आहे का?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं, ते गुलामांना मुक्त केल्याबद्दल अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलेलं आहे. इथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या पुस्तकात जोतीराव नवीन गोष्ट सांगत नाहीत. वामन आणि बळी यांची हजारो वर्षांची गोष्ट घेतात आणि पाताळात ढकलल्या गेलेल्याच्या बाजूने उभे राहून ती फिरून सांगतात. गावोगावच्या बाया तर ओवाळताना 'इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतच होत्या, म्हणजे ती बाजू जिवंत होती, पोथीत नव्हती. त्यांचं प्रत्येक विधान इतिहासाच्या कसोटीवर उतरतं की नाही याबद्दल अभ्यासकांनी वाद घालावा. पण आपल्याला काय सिद्ध करायचंय हे त्यांनी लपवलं नाही. पुस्तकाचं नावच त्यांची प्रतिज्ञा आहे.

इथे एखादा नाट्यवेडा वाचक मला अडवेल. प्रतिज्ञा उघड सांगितलीच पाहिजे, मग खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चं काय? १९०७मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात कुठेही इंग्रज नाही, हिंदुस्थान नाही. विराटाच्या नगरीत उन्मत्त कीचक आहे, अपमानित सैरंध्री आहे, धीर धर म्हणणारा कंकभट्ट आहे आणि दात-ओठ खाणारा बल्लव आहे. प्रेक्षकांतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, कंकभट्ट म्हणजे मवाळ आणि बल्लव म्हणजे जहाल. सरकारला ते उमगायला जरा वेळ लागला. १९१०मध्ये नाटकावर बंदी आली. त्याआधी १८९७मध्ये शिवाजी उत्सवात अफझलखानाच्या वधाची चर्चा झाली, तिचा वृत्तांत 'केसरी'त आला आणि लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला. तीनशे वर्षांपूर्वीची नव्हे, अडीचशे वर्षांपूर्वीची एक घटना सांगण्याचा आजचा अर्थ काय, हे नऊ ज्यूरर ठरवत होते. सहा गोऱ्यांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी ज्यूररांनी निर्दोष. उपनयावर मतदान झाल्याचं इतकं शुद्ध उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

माझं उत्तर असं आहे. लपवणं आणि लपवणं यांत फरक आहे. खाडिलकरांनी प्रतिज्ञा लपवली ती सत्तेपासून, कारण उघड बोलणाऱ्याला तुरुंग होता. समोर बसलेल्या श्रोत्यापासून काहीच लपलेलं नव्हतं. नयिराच्या साक्षीत सगळं ठाऊक असलेले लोक सत्तेजवळ होते आणि अंधारात होता तो श्रोता. दुबळ्याने गोष्टीची ओढणी घेणं आणि बलवानाने घेणं एकाच तराजूत तोलता येत नाही.

पण याचीही किंमत असते हे नोंदवायला हवं. महाभारतातली गोष्ट निवडली की तिचा शेवटही आपोआप निवडला जातो. कीचक मरणारच. प्रतिज्ञा न बोलता पटली की तिच्यावर वादही न बोलता संपतो. मवाळांचं म्हणणं काय होतं हे कंकभट्टाच्या तोंडून कळत नाही, ते गोखल्यांची भाषणं वाचूनच कळतं. परकी सत्ता होती तोवर हे समजण्यासारखं होतं. आज तिकडे आणि इकडे, जिथे बोलायला मोकळीक आहे तिथेही आपण एकमेकांना कीचक आणि अफझलखान ठरवून मोकळे होतो, तेव्हा मला भीती वाटते.

आता आपल्या घरातली गोष्ट. आमच्या पिढीत इथे आलेल्या प्रत्येकाकडे ती आहे: "आलो तेव्हा खिशात फक्त आठ डॉलर होते!" कुणी आठ म्हणतं, कुणी सात, कुणी तीन. परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे सरकार तेवढेच नेऊ देत असे, आणि आकडा नियमांबरोबर बदलत असे. मी १९७३मध्ये आलो तेव्हा माझ्या खिशात खरोखरच आठ होते. ही गोष्ट आपण मुलांना सांगितली, शेजाऱ्यांना सांगितली, निवृत्तीच्या पार्टीत सांगितली. आणि गेल्या काही वर्षांत ती आपल्या हातातून निसटून व्यासपीठावर गेली आहे.

ऑगस्ट २०२०मध्ये पाच दिवसांच्या अंतराने दोन्ही पक्षांच्या अधिवेशनांत भारतीय घरांतल्या दोन मुलींनी आपल्या आईवडिलांची गोष्ट सांगितली. कमला हॅरिस यांनी एकोणिसाव्या वर्षी भारतातून एकटी आलेली आई आणि नागरी हक्कांच्या चळवळीत भेटलेले आईवडील सांगितले. निष्कर्ष असा की न्यायासाठीचा लढा अजून संपलेला नाही. निकी हॅले यांनी दक्षिणेतल्या छोट्या गावात पगडी बांधणारे वडील आणि साडी नेसणारी आई सांगितली. निष्कर्ष असा की हा देश वंशद्वेष्टा नाही, तक्रार करत न बसता कष्ट करणाऱ्याला तो सगळं देतो. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही मुली आपल्यासारख्याच घरांतल्या. स्वयंपाकघर जवळपास एकच, आणि डोंगर दोन दिशांना! पाहुण्याला कुठला डोंगर दिसावा हे गोष्टीतून काय गाळलं यावर अवलंबून असतं.

माझ्या आठ डॉलरच्या गोष्टीतून काय गाळलं जातं? दुसरा खिसा गाळला जातो. त्यात पुण्याच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजची पदवी होती, जिची वर्षाची फी माझ्या शिक्षक वडिलांच्या एका पगारात बसत असे. बाकीचा खर्च हिंदुस्थानातल्या करदात्यांनी केला, ज्यांतले बहुसंख्य कधी विमानतळापर्यंतही गेले नसतील. हातात ग्रीन कार्ड होतं, कारण १९६५ साली ३ ऑक्टोबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी एका कायद्यावर सही केली आणि त्यात शिकलेल्या व्यावसायिकांसाठी वेगळा वर्ग होता. त्याआधी सबंध हिंदुस्थानचा वार्षिक कोटा होता शंभर माणसांचा. आणि तो कायदा ज्या वाऱ्यावर आला तो वारा काळ्या लोकांनी दक्षिणेत मार खाऊन उभा केला होता. मी कष्ट केले नाहीत का? केले. गॅस स्टेशनवर रात्रपाळी केली, पहिला हिवाळा उसन्या कोटात काढला. ते गोष्टीत असतंच.

२००८ साली आमची धाकटी कॉलेजात होती आणि एका उमेदवाराच्या प्रचारात स्वयंसेविका होती. (कुठल्या, ते चाणाक्ष वाचक ओळखतील, मला घटनेचं कलम पाळायचंय.) त्या मोहिमेत स्वयंसेवकांना गोष्ट सांगायचं रीतसर शिक्षण देत. ती पद्धत हार्वर्डच्या मार्शल गँझ यांची, जे सीझर चावेझ यांच्या शेतमजुरांच्या संघटनेत सोळा वर्षं राबले होते: आधी स्वतःची गोष्ट, मग आपणा सर्वांची, मग आत्ता काय करायचं त्याची. एका रात्री तिचा फोन आला.

"बाबा, तुझी आठ डॉलरची गोष्ट मी सांगू का?"

"कुणाला?"

"दारोदार. ओहायोत."

मी म्हटलं, "सांग, पण पूर्ण सांग. माझी फी आणि पासष्टचा कायदाही सांग."

"बाबा, मला दोन मिनिटं असतात. त्यात कायदा बसत नाही."

"मग उसना कोट काढून टाक."

ती हसली. पलीकडून माझी बायको म्हणाली, "कोट राहू दे गं, तोच तेवढा आवडेल लोकांना." बरीच वाटाघाट झाली. शेवटी कोट राहिला, गॅस स्टेशन गेलं, कायदा एका वाक्यात आला. आणि ती कोणासाठी मत मागायला आली आहे हे गोष्ट सुरू करण्याआधी सांगायचं, असं ठरलं.

नोव्हेंबरात घरी आली तेव्हा तिने एका म्हाताऱ्या बाईंबद्दल सांगितलं. दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझे आजोबाही असेच आले गं, स्लोव्हाकियातून. पण त्यांना असला कुठला कायदा लागला नव्हता." आमची म्हणाली, "त्यांना लागला नव्हता, कारण तेव्हा दार त्यांच्यासाठी उघडं होतं आणि आमच्यासाठी बंद होतं." बाईंनी तिला आत बोलावलं. आजोबांचा फोटो दाखवला, कॉफी दिली, पाऊण तास त्या दोघी कोण कधी आलं, कुणी कुणाला अडवलं यावर बोलत बसल्या. त्या दिवशीची तिची उरलेली दारं राहून गेली आणि संध्याकाळी तिच्या गटप्रमुखाने तिला चांगलंच झापलं. बाईंनी मत कुणाला दिलं, हे तिने विचारलं नव्हतं.